पाहुणे आणि बिऱ्हाडकरू

'सफारी' हा शब्द जाहिरातींनी इतका गुळगुळीत करून टाकला आहे की, त्याच्यामागे आपला ओळखीचा 'सफर' उभा आहे हे चटकन ध्यानात येत नाही. मूळचा हा अरबी शब्द एका वाटेने आपल्याकडे आला आणि दुसऱ्या वाटेने, व्यापाऱ्यांच्या गलबतांतून, आफ्रिकेच्या पूर्वकिनाऱ्यावर उतरून स्वाहिली झाला. स्वाहिलीत सफारी म्हणजे नुसता प्रवास. मनुष्य मावशीकडे चार दिवस निघाला तरी तो सफारीवरच निघालेला असतो. वाटेत सिंह भेटलाच पाहिजे असा दंडक नाही. या भाषेत हिशेबाला 'हेसाबू' म्हणतात, विम्याला 'बिमा', दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी' आणि लेखणीला 'कलामू'. ज्याची उमेदीची वर्षे हिशेब आणि लेखणी यांतच चालली आहेत, अशा केंद्र सरकारच्या कारकुनास याहून घरगुती परदेश कोठे मिळणार?

आम्ही केनियास गेलो ते मात्र पक्षी पाहण्यासाठी. परदेशगमनाच्या परवानगीचा जो अर्ज असतो, त्यातील 'प्रवासाचा हेतू' या रकान्यात आम्ही सरळ 'पक्षिनिरीक्षण' असे लिहून टाकले. शेजारच्या टेबलावरील गृहस्थांनी तो रकाना वाचला, इकडेतिकडे पाहिले आणि हलक्या आवाजात विचारले, "पण खरे कारण काय?" त्यांची काही चूक नव्हती. गेली दहा वर्षे दर रविवारी पहाटे यमुनेच्या काठी दुर्बीण घेऊन जाणारा मनुष्य कार्यालयात निरुपद्रवी समजला जातो. पण त्यासाठी समुद्र ओलांडणारा तसा समजला जात नाही. खर्चाचे कोडे निम्मे आमच्या शिल्लकीने सोडविले आणि निम्मे मोंबासास राहणाऱ्या आमच्या ताईने. मेहुणे तेथील बंदरात मालाच्या चढउताराचे काम पाहणाऱ्या एका पेढीत आहेत. ताईची अट एकच होती: "काय पाखरे पाहायची ती पाहा, पण अण्णांच्या तिथीला माझ्या घरी ये." वडिलांची तिथी मार्गशीर्ष शुद्ध पंचमीची. आम्ही पंचांग आणि सफारीचा कार्यक्रम शेजारी शेजारी ठेवून दिवस जुळवून घेतले.

केनिया हा देश महाराष्ट्राच्या दुपटीपेक्षाही थोडा लहानच. तेवढ्या भूमीत सुमारे अकराशे जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. आपल्या सबंध भारतात ही संख्या साडेतेराशेच्या आसपास जाते. या श्रीमंतीचे कारण नकाशावरच वाचता येते. विषुववृत्त देशाच्या मधून गेलेले. त्याच्याजवळच माथ्यावर हिम वागविणारा केनिया पर्वत. देशाला उभी चीर पाडीत गेलेली महाखचदरी आणि तिच्या तळाशी माळेसारखी सरोवरे, काही गोडी, काही सोड्याने खारावलेली. पूर्वेस काटेरी झुडपांचे उष्ण वैराण आणि त्याच्याही पलीकडे समुद्राच्या अंगचे जुने अरण्य. एका दिवसाच्या मोटारीच्या रस्त्यात चार निरनिराळे देश लागावेत तसा हा प्रकार आहे आणि प्रत्येक देशाचे नागरिक वेगळे.

आमचा वाटाड्या किनाऱ्याकडचा, गिर्यामा समाजाचा, वयाने पंचेचाळिशीचा. तो आम्हांस 'रफिकी' म्हणे. हा आपला रफीकच, हे सांगायला नको. तो पक्षी प्रथम कानाने पाही. मोटार चालविता चालविता मध्येच थांबवून एक बोट वर करी आणि मग कोठे आम्हांस पानांत काहीतरी हलल्याचा भास होई. त्याने पहिल्याच दिवशी आमच्या हाती देशातील यच्चयावत पक्ष्यांची एक छापील यादी दिली. प्रत्येक नावापुढे एक चौकोन, त्याच्यापुढे स्थळ आणि संख्या यांचे रकाने. आमच्याच मोटारीत एक परदेशी वृद्ध दांपत्य होते. त्यांना अशा चौकोनांचे भारी वेड. पक्षी दिसला, खूण केली, की त्यांची मान पुढच्या झाडाकडे वळलीच. नव्या पक्ष्याकडे ते जितका वेळ पाहत, त्याहून अधिक वेळ यादीकडे पाहत. इतर कोणाला हे लोक हास्यास्पद वाटले असते; आम्हांस ते आपल्या खात्यातले वाटले. फाईल पुढे सरकली की मजकुराचा आणि आपला संबंध संपला, ही वृत्ती आम्ही जवळून पाहिलेली आहे.

नैरोबीचे राष्ट्रीय उद्यान १९४६ सालचे, देशातील सर्वांत पहिले. शहराला इतके लागून, की गेंड्याच्या पाठीमागे उंच इमारती दिसतात. तेथे आम्हांस 'सेक्रेटरी बर्ड' दिसला. उंच, काळ्या विजारीसारख्या मांड्या, डोक्यामागे पिसांचा झुपका. कानावर बोरू खोवलेल्या जुन्या काळच्या लेखनिकासारखा दिसतो म्हणून हे नाव पडले, अशी लोकप्रिय व्युत्पत्ती आहे. हा गवतातून मोजून पावले टाकीत चालतो आणि साप दिसला की लाथांनी तुडवून मारतो. आमच्या खात्याचे सचिव आम्हांस इतक्या वर्षांत दोनदाच दिसले आहेत, तेही पाठमोरे. हा सचिव मात्र वीस मिनिटे आमच्यासमोर वावरत होता. वृद्ध दांपत्याने तोवर चौकोनात खूण करून दुर्बिणी मिटल्या होत्या.

नाकुरू सरोवराविषयी फार लिहावेसे वाटत नाही. लहान रोहितांच्या गुलाबी काठासाठी त्याची कीर्ती. परंतु २०१० नंतर खचदरीतील सरोवरांचे पाणी चढत गेले, उद्यानाचे जुने प्रवेशद्वारसुद्धा पाण्याखाली गेले. पाणी वाढले म्हणजे सोडा पातळ होतो, सोडा पातळ झाला म्हणजे ज्या सूक्ष्म शेवाळावर हे पक्षी जगतात ते विरळ होते आणि पक्षी उठून दुसऱ्या सरोवरावर जातात. आम्हांस नाकुरूवर मेलेल्या बाभळींचे सांगाडे पाण्यात उभे दिसले आणि रोहितांची एक लहानशी तुकडी. उत्तरेला बोगोरियावर मात्र ते होते. उकळत्या पाण्याच्या झऱ्यांच्या वाफेमागे किनारा गुलाबी दिसत होता आणि त्या सगळ्या समुदायाचा एक सारखा घुमणारा बडबडाट ऐकू येत होता. जणू भोजनाची सुटी झालेली एखादी प्रचंड कचेरी.

तेथे बसून आम्हांस रोहितांपेक्षा एका मनुष्याची अधिक आठवण झाली. लेस्ली ब्राउन हे केनियाच्या शेतकी खात्यातील अधिकारी. पक्षी हा त्यांचा नोकरीबाहेरचा विषय. पूर्व आफ्रिकेतील हे असंख्य लहान रोहित अंडी घालतात तरी कोठे, हे कोडे त्या काळी कोणास नीटसे उलगडलेले नव्हते. १९५४ साली ब्राउन यांनी टांगानिकातील, म्हणजे आजच्या टांझानियातील, नॅट्रॉन सरोवरावर त्यांची वसाहत शोधून काढली. ती जवळून पाहावी म्हणून ते सोड्याच्या चिखलातून पायी निघाले. वरचे कवच पायाखाली फुटे आणि खालचा दाहक चिखल बुटांत शिरे. घरट्यांपर्यंत ते पोचलेच नाहीत. कसेबसे परत आले तेव्हा पाय भाजून निघाले होते. रुग्णालयात राहावे लागले, कातडी बसवावी लागली. बरे झाल्यावर हा गृहस्थ पुन्हा त्याच कामास लागला. सरकारी नोकराच्या सुटीचा इतका उज्ज्वल विनियोग आमच्या वाचनात दुसरा नाही.

परंतु या प्रवासात जे खरोखर आमच्या मनात शिरले ते सरोवरांवर नव्हते. ते खाली, त्साव्होच्या काटवनात होते.

त्साव्हो हे नाव आपल्याकडे, माहीत असलेच तर, नरभक्षक सिंहांमुळे माहीत असते. मोंबासाहून आत जाणारी रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात बांधली गेली. तिच्यासाठी सुमारे बत्तीस हजार मजूर हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, नेण्यात आले. त्यांतील कित्येकांस १८९८ साली त्साव्होच्या पुलाजवळ दोन सिंहांनी खाल्ले. सुमारे अडीच हजार लोक रोगराईने व अपघातांनी गेले, बहुतेक करार संपताच परतले आणि सहा-सात हजार तेथेच राहिले. आज त्याच रेल्वेच्या व हमरस्त्याच्या अलीकडे-पलीकडे त्साव्हो पश्चिम आणि त्साव्हो पूर्व अशी दोन अभयारण्ये आहेत.

पश्चिमेकडील भागात न्गुलिया नावाच्या डोंगराच्या खांद्यावर एक प्रवासी निवास आहे. रानातील जनावरे पाणवठ्यावर आलेली दिसावीत म्हणून त्याच्यासमोर रात्रभर मोठे दिवे जळतात. नोव्हेंबर-डिसेंबरात, अंधाऱ्या रात्री, या डोंगरावर धुके उतरले की एक विलक्षण गोष्ट घडते. युरोप व आशियातून रातोरात दक्षिणेकडे चाललेले पक्षी धुक्यात वाट चुकतात आणि त्या दिव्यांकडे खेचले जातात. १९६९ पासून पक्षिशास्त्रज्ञांनी तेथे दर मोसमात जाळी लावून त्यांच्या पायांत क्रमांकाची वाळी घालण्याचा परिपाठ ठेवला आहे; आजवर अशी काही लाख वाळी घातली गेली आहेत.

आम्ही तेथे होतो ती कार्तिकी अमावास्येची रात्र. दोनच्या सुमारास डोंगरावर धुके आले. दिव्यांच्या झोतात प्रथम पतंगांसारखे काहीतरी भिरभिरू लागले. मग ध्यानात आले की, हे पतंग नव्हेत. सबंध धुके पक्ष्यांनी भरून आले होते. चहूकडून बारीक बारीक हाका. कोणी गच्चीच्या कठड्यावर उतरला, कोणी खुर्चीच्या पाठीवर, एक तर आमच्या पायाशी. हजारो कोस उडून आलेले जीव, वजन दोन-चार पेढ्यांइतकेही नाही. आमच्या शेजारचे वृद्ध गृहस्थ यादी काढावयास विसरले होते. एका कार्यकर्त्या मुलीने वाळे घातलेला एक मातकट रंगाचा चिमुकला पक्षी आमच्या तळहातावर ठेवला. एक क्षण तो तसाच बसून राहिला, मग निघून गेला. हातावर काही होते असे वाटण्याइतकाही त्याचा भार नव्हता.

तो 'मार्श वॉर्बलर' होता. मराठीत याला नाव नाही, कारण तो आपल्या वाटेने जात नाही. दिसावयास इतका सामान्य, की त्याच्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहू नये. पण १९७९ साली बेल्जियममधील अभ्यासातून एक गोष्ट पुढे आली. हा पक्षी नकलाकार आहे. एकेक नर सरासरी शाहत्तर निरनिराळ्या पक्ष्यांचे आवाज आपल्या गाण्यात गुंफतो आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आवाज आफ्रिकेतील पक्ष्यांचे असतात. युरोपातील एखाद्या ओढ्याकाठी, मे महिन्यात, आपल्या जोडीदारणीला रिझविण्यासाठी तो जे गातो, त्यात केनियाच्या बुलबुलांची, खाटकांची, वेड्या राघूंची बोली मिसळलेली असते. तो कोणकोणत्या मुलखांतून फिरून आला हे कान असलेल्याला त्याच्या गाण्यावरून सांगता येते. आम्ही ज्या दिल्लीत वाढलो, तेथील घरोघरच्या मराठीत 'सब्जी' आणि 'चाबी' बेमालूम मिसळलेल्या असतात आणि पुण्याहून आलेले पाहुणे त्या शब्दांवर मंद स्मित करतात. त्या स्मिताचा आम्हांस लहानपणी फार राग येई. हा पक्षी तेव्हा ठाऊक असावयास हवा होता.

दोन दिवसांनी त्साव्हो पूर्वमध्ये चातक दिसला.

केनियात पावसाळे दोन. मार्चपासूनचा मोठा तो 'मासिका' आणि ऑक्टोबरनंतरचा धाकटा तो 'वुली'. वुलीच्या सरी नुकत्याच होऊन गेल्या होत्या. एरवी राखेच्या रंगाचे असणारे काटवन एका आठवड्यात हिरवे झाले होते आणि तांबड्या मातीतून वाळवीचे पंखवाले किडे धुरासारखे वर येत होते. त्यांच्यावर शेकडो अमूर ससाणे घिरट्या घालीत होते. हे ईशान्य आशियातून नागालँडमार्गे येतात. तेथे २०१२ साली दोयांग जलाशयाच्या काठी त्यांची जाळी लावून भयंकर कत्तल झाली आणि पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, तेथील गावकऱ्यांनीच ती संपूर्ण थांबविली. आम्ही त्यांच्याकडे पाहत असतानाच वाटाड्याने बोट वर केले. बाभळीच्या शेंड्यावर एक काळा-पांढरा, शेंडीवाला, लांब शेपटीचा पक्षी केसाळ सुरवंट आपटून आपटून मऊ करीत होता.

आमच्या तोंडून मोठ्याने "चातक!" असा शब्द निघाला. दांपत्य दचकले. त्यांच्या यादीत तो 'जॅकोबिन कक्कू' होता आणि त्याच्यापुढे खूण केव्हाच झालेली होती.

ज्याचे नाव आपण आधी वाङ्मयात ऐकतो आणि मागाहून कधीतरी डोळ्यांनी पाहतो, असे पक्षी फार नाहीत. मेघदूतात चातक आहे. त्याआधी व त्यानंतर तो आपल्या सर्व भाषांत आहे. भुईवरचे पाणी पीत नाही, मेघाचा थेंब चोचीत पडेपर्यंत तहानलेला राहतो, अशी त्याची ख्याती. एखादी गोष्ट फारच लांबणीवर पडली की, कारकुनांची महागाईभत्त्याची थकबाकी घ्या, आपण चातकासारखी तिची वाट पाहतो. प्रत्यक्षात तो वाट पाहत नाही, वाट चालतो. मे-जूनमध्ये नैर्ऋत्येचे वारे पाठीशी घेऊन तो पूर्व आफ्रिकेतून समुद्र ओलांडतो आणि पावसाच्या थोडा आधी आपल्याकडे पोचतो. सातभाईंच्या घरट्यांत अंडी घालतो, पिले परभारे वाढतात आणि पाऊस सरला की सारे परत आफ्रिकेत. दक्षिण भारतातील चातक बहुतांशी तेथेच राहतात. जा-ये करतात ते वरचे. २०२० साली डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने दोन चातकांच्या पाठीवर संदेशयंत्रे बसवून त्यांच्या वाटेचा माग घेण्यास आरंभ केला. म्हणजे आपल्या कवींनी ज्याला आकाशाकडे चोच वासून बसविले, तो बिचारा दोन्ही खंडांत पावसामागून पाऊस गाठीत हिंडत असतो. आपल्याकडचा संपला की येथला वुली.

"हा आमच्याकडचा," आम्ही वाटाड्याला म्हणालो. आवाजात थोडा अभिमान असावा.

तो हसला. "असेल. काही तुमच्याकडून येतात, काही दक्षिणेकडून येतात, काही इथलेच उत्तरेकडचे. दक्षिणेकडच्यांच्या गळ्यावर रेघा असतात. याच्या गळ्यावर नाहीत. पण उरलेले दोघे सारखेच. त्यांच्यात फरक करता येत नाही."

"मग त्याचे घर कुठले म्हणायचे?"

"रफिकी, कोकिळेच्या जातीला घर विचारतोस?" असे म्हणून त्याने मोटार सुरू केली.

हा प्रश्न आम्ही पक्ष्याला का विचारला, हे या मासिकाच्या वाचकांस उलगडून सांगावे लागणार नाही. वडील नोकरीसाठी वऱ्हाडातून दिल्लीस आले. आमचा जन्म दिल्लीचा, शिक्षण दिल्लीचे, चाकरी दिल्लीची. दिल्लीत आम्हांस 'आप महाराष्ट्र के हैं?' असे विचारतात आणि अमरावतीस गेलो तर 'तुम्ही दिल्लीवाले' म्हणतात. दोन्हीकडे प्रेमानेच म्हणतात, त्याबद्दल तक्रार नाही.

समुद्राच्या अंगचे जे जुने अरण्य म्हटले, त्याचे नाव अराबुको-सोकोके. सुमारे चारशे वीस चौरस किलोमीटरचा हा तुकडा किनारी अरण्याचा पूर्व आफ्रिकेत उरलेला सर्वांत मोठा अवशेष आहे. वाटाड्याचे गाव त्याच्या कडेलाच. आपल्या घरी पाहुणा आणल्यासारखा तो तेथे मोकळा झाला. तांबड्या मातीच्या गचपणीत तो आम्हांस हाताला धरून घेऊन गेला आणि तोंडापासून हातभर अंतरावर एका फांदीकडे पाहावयास सांगितले. तेथे मुठीएवढे एक घुबड डोळे मिटून बसले होते. हे सोकोकेचे पिंगळ्याच्या चणीचे घुबड शास्त्राला १९६६ साली माहीत झाले आणि त्याचे वर्णन प्रसिद्ध करणारे डिलन रिप्ले म्हणजे सालिम अलींच्या दहा खंडांच्या ग्रंथावर ज्यांचे नाव जोडीने आहे तेच. ते नाव तेथे ऐकून आम्हांस परक्या गावी शाळेतील मास्तर भेटावेत तसे झाले. वाटाड्याने सांगितले की, त्याची आजी या अरण्यात घुबडाचे नाव मोठ्याने काढू देत नसे; घुबड घरावर बोलले की घरात कोणी जाते. आमचीही आजी हेच सांगे, असे आम्ही म्हटले. त्यावर दोघेही काही वेळ त्या निद्रिस्त अशुभाकडे मोठ्या ममतेने पाहत राहिलो.

अरण्याबाहेर, वातामूच्या बाजारात, कावळे होते. पुष्कळ होते. आपलेच, राखाडी मानेचे, गावकावळे. दहा दिवसांत परक्या पिसांनी शिणलेल्या डोळ्यांना ते पाहून बरे वाटले आणि आम्ही तसे बोलून गेलो. वाटाड्याचा चेहरा प्रथमच कठोर झाला.

"हे तुमचे," तो म्हणाला. "खरोखर तुमचे. आमचे नव्हेत."

कावळ्याची हकीकत अशी. १८९०च्या दशकात झांझिबारच्या रस्त्यांवरील घाण साफ व्हावी म्हणून हिंदुस्थानातून कावळे आणून तेथे सोडण्यात आले. घाण काही हटली नाही. कावळे मात्र वाढले, खाडी ओलांडून मुख्य भूमीवर आले आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोंबासास पोचले. किनाऱ्यावरचे लहान पक्षी हे त्यांचे भक्ष्य. सुगरणींची घरटी फाडून पिले नेतात, शिंजिरांची अंडी फोडतात, कोंबडीची पिले उचलतात. वाटाड्या म्हणाला, "माझ्या आईच्या अंगणातल्या माडावर सोनेरी सुगरणींची घरटी असत. सकाळी त्यांच्या कलकलाटाने जाग येई. आता तो माड आहे." एवढे बोलून तो थांबला. जून २०२४ मध्ये केनियाच्या वन्यजीव खात्याने वर्षअखेरीपर्यंत दहा लाख कावळे नष्ट करण्याचा संकल्प जाहीर केला. त्याची रीतही वाटाड्याने सांगितली. प्रथम काही दिवस साधे मांस टाकून कावळ्यांना त्या जागेची सवय लावतात. मग एक दिवस त्यात विष असते. ते लगेच मारीत नाही. कावळा खाऊन उडून जातो, संध्याकाळी आपल्या झाडावर जमातीत जाऊन बसतो आणि रात्री खाली पडतो.

याच केनियाने २०१७ साली आशियाई वंशाच्या आपल्या नागरिकांना देशातील चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्यता दिली. रेल्वे आणि कावळे एकाच दशकात आले होते. ही तुलना करणे अप्रस्तुत आहे, हे आम्ही जाणतो. माणसांनी दुकाने घातली, रूळ टाकले. कोणाची घरटी फाडली नाहीत. जो मनुष्य दुर्बीण गळ्यात घालून सुगरणीसाठी समुद्र ओलांडतो, त्याने कावळ्याची बाजू घेणे हा तर शुद्ध विसंगतपणा. आमच्या मते केनियाचे सरकार करते ते योग्यच आहे. आम्ही त्या खात्यात असतो तर तो कागद आमच्याच टेबलावरून गेला असता आणि आम्ही त्यावर निःशंकपणे सही केली असती. तरी त्या रात्री झोप लवकर आली नाही.

पंचमीस सकाळी आम्ही ताईच्या घरी होतो. स्वयंपाक झाला होता: खीर, वडे, आमसुलाची चटणी, अण्णांची आवडती अळूची भाजी. मेहुण्यांनी कोठून तरी केळीचे पान पैदा केले होते. नैवेद्य झाला आणि कावळ्याच्या घासाचे पान घेऊन आम्ही जिन्याशी आलो, तो ताईने आवाज खाली आणून सांगितले, "गच्चीवर मागच्या बाजूला ठेव. समोरच्या बाईंना कावळ्यांना घातलेले आवडत नाही. त्यांचेही बरोबर आहे म्हणा. त्यांच्या कोंबड्यांची पिले नेली यांनी."

"दर वर्षी तू काय करतेस?"

"मागच्या बाजूला ठेवते," ताई म्हणाली. मग पदराला हात पुशीत म्हणाली, "हे बघ, तू आता तुझ्या त्या वाटाड्याचे ऐकून आला आहेस. तुला ठेवायचे नसेल तर नको ठेवूस. मी ठेवते. मला काही कळत नाही त्यातले. अण्णा गेले तेव्हा मी इथे होते. विमान मिळाले नाही. मला दहाव्याचा कावळासुद्धा पाहायला मिळाला नाही."

आम्ही पान घेऊन वर गेलो.

दिल्लीस सरकारी वसाहतीच्या गच्चीवर हे पान ठेवून अर्धा अर्धा तास "काऽव, काऽव" करीत उभे राहावे लागते. कावळा येतच नाही. शेवटी खारीने वडा नेला म्हणजे आपण पितरांना खारीचे रूप देऊन खाली उतरतो. मोंबासास हाक मारण्याचा अवकाशही मिळाला नाही. पान टेकते न टेकते तोच कठड्यावर एक कावळा येऊन उतरला. मान तिरपी करून त्याने एकदा आमच्याकडे पाहिले, एकदा पानाकडे पाहिले. आम्ही चार पावले मागे सरकलो. वाटाड्याच्या आईचा माड आमच्या डोळ्यांसमोर होता. 'प्रथम काही दिवस साधे अन्न टाकून सवय लावतात' हे वाक्यही डोक्यात फिरत होते आणि दर वर्षी मागच्या बाजूस ठेवलेल्या पानाचा अर्थ त्यामुळे भलताच होऊ पाहत होता. अण्णा असते तर काय म्हणाले असते? ते पोस्टात होते. टपाल ज्याच्या नावचे त्याला पोचले पाहिजे, बाकीची चौकशी आपली नव्हे, एवढेच ते बहुधा म्हणाले असते. कावळ्याने वडा उचलला. खिरीत चोच बुडवून शिंतोडे उडविले. मग भाताचा एक मोठा घास घेऊन तो बंदराच्या दिशेने उडाला. दुर्बीण गळ्यात होती. तो पाण्याच्या टाकीपलीकडे दिसेनासा होईपर्यंत आम्ही त्याच्याकडे पाहत होतो. खाली आलो तेव्हा ताईने फक्त "आला?" असे विचारले, आम्ही "लगेच आला" म्हणालो आणि ती पाने वाढावयास वळली.

संध्याकाळी वाटाड्या निरोप घ्यावयास आला. ताईने त्याला वडे खाऊ घातले. ते त्याला फार आवडले. हिशेब, म्हणजे हेसाबू, पुरा झाल्यावर त्याने सवयीप्रमाणे आमची यादी मागून घेतली व एकेक पान उलटीत तपासली. दोनशे एकसष्ट जाती. वृद्ध दांपत्याच्या चारशेच्या जवळपास झाल्या होत्या. पण आम्ही असमाधानी नव्हतो. शेवटच्या पानांपैकी एकावर तो थांबला. बाहेरून आणलेल्या पक्ष्यांच्या नावांमागे त्या यादीत एक फुली छापलेली असते. तशा फुलीच्या एका नावापुढील चौकोनात आमची खूण होती. स्थळाच्या रकान्यात 'मोंबासा' लिहिले होते आणि संख्येच्या रकान्यात 'एक'.

"मोंबासात एक?" त्याने विचारले. "हजार लिही, रफिकी. दहा हजार लिही."

आम्ही म्हटले, "आज आम्ही एकच पाहिला."

त्याने एकवार आमच्याकडे, एकवार स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या ताईकडे पाहिले, आकडा तसाच राहू दिला आणि खाली आपली सही केली.